नानकटाईचे दिवस

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मला डायरी लिहायची हौस नाही. ही रोहिणीनं आणून दिलीय. लेक इंदापूरला दिलीय, तिथनं फोनवर हुकूम सोडते. "आबा, आई दिवसभरात काय खाती ते लिहून ठेवा. डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय." तर लिहितो. सकाळी अर्धा कप बिनसाखरेचा चहा. दुपारी चतकोर भाकरी आणि मेथीचे दोन घास. संध्याकाळी "नको." झालं. एवढ्यासाठी डायरी कशाला पाहिजे, एसटीच्या तिकिटामागं मावलं असतं.

जयवंता, म्हणजे आमची मंडळी, ऑगस्टमध्ये नळावर चक्कर येऊन पडली. बारामतीला नेली. रक्तात साखर भलतीच वाढलेली. पोटाची जुनी तक्रार होती तीही तपासली, तर म्हणाले गहू आतड्याला चालत नाही. साखर बंद आणि गव्हाचा कणसुद्धा बंद. माळेगावात राहून साखर बंद! मी जन्मभर कारखान्यात पॅनमन. उसाचा पाक उकळत ठेवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे माझं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि सांगायचं, झाला. माझ्या हाताखालनं किती साखर गेली त्याला गणती नाही. आता घरात साखरेचा डबा धुऊन पालथा घातलाय.

पण साखरेचं दुःख नाही. हिनं जेवणच टाकलंय. ज्वारी, बाजरी, भात, सगळं चालतं. पुढ्यात ठेवलं की दोन घास खाती आणि ताट सारती. "मला न्हाय भूक. तुमी जेवा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी घेऊन उपाशी राहिल्या तर साखर एकदम खाली जाईल, ते जास्त वाईट. मला त्या बाईचं बोलणं ऐकल्यापासून भ्या वाटतंय. लिहायला काय लाजायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. जयवंता ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होती. मध्येच म्हणाली, "दसरा झाला की भट्टीवर नंबर लागायचं, व्हय ना वो? नानकटाईचं."

मी कान टवकारले. आजारी पडल्यापासून तिनं पहिल्यांदा खायच्या वस्तूचं नाव काढलं. मागितलं एकदाचं!

आता हल्लीच्या पोरांना भट्टी म्हणजे दारूची वाटेल. आम्ही कारखान्याच्या चाळीत राहायचो तेव्हा दिवाळीची नानकटाई विकत आणायची पद्धत नव्हती. बायका घरनं पीठ, पिठीसाखर, डालडा घेऊन बारामतीला बेकरीच्या भट्टीवर जायच्या. भट्टीवाला मळून, भाजून द्यायचा. डब्यावर नाव रंगवलेलं. पहाटे निघायच्या त्या दिवेलागणीला परत, पत्र्याचे डबे भरून. आम्ही पुरुष त्या वेळी गाळप सुरू व्हायच्या धांदलीत. मी काही कधी भट्टीवर गेलो नाही, ते बायकांचं काम. जयवंता यायची ती दमून, पण चेहरा नुसता लालबुंद, उजळलेला. भट्टीची धग लागत असणार.

नातीला फोन केला. श्रेया पुण्यात खाण्यापिण्याचंच काहीतरी शिकते. ती म्हणाली, "आजोबा, नारळाच्या पिठाची करा. गहू नाही, आणि साखर फार वाढत नाही."

नारळाचं पीठ! त्यात काय अवघड आहे?

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी एक कप चहा. दुपारी भाताचे चार घास.

बाजारातनं खोबऱ्याच्या वाट्या आणल्या. किसल्या. मिक्सरला लावल्या. पीठ कसलं होतंय, तेल सुटून लगदा झाला. तरी त्याच्या टिकल्या केल्या, रोहिणीचा जुना ओव्हन आहे त्यात ठेवल्या. ट्रेमध्ये तेलाचं तळं. नानकटाई तळून निघाल्या.

गोडीला गूळ घातला होता. साखर नको म्हणाले, गूळ नको असं कुठं म्हणाले?

जयवंतानं माझं मन मोडू नये म्हणून दोन खाल्ल्या. "बरी हाय," म्हणाली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघितली. आकडा बघून मीच घाबरलो. रोहिणीला सांगितलं. तिनं जी सुरुवात केली! "आबा, तुमी गूळ घातला? गूळ म्हंजे साखरच की वो!"

मी म्हटलं, चाळीस वर्षं पॅनवर उभा राहिलो, गूळ आणि साखर एक म्हणणाऱ्याला मी तिथं उभं केलं नसतं. गुळात दाणा असतो का? रंग काय, वास काय!

"आबा, दाणा डोळ्याला दिसतो. रक्ताला दिसत न्हाय."

वर तोंड करून बोलायला हिला मीच शिकवलं. सगळ्या गावाला विचारून बघा, शुगर झालेला प्रत्येक जण गुळाचा चहा पितो आणि आपण पथ्यात आहोत म्हणतो. मी एकटाच चुकलो का? पण चुकलो. जयवंताच्या जिवाशी खेळलो. आज माझंही जेवण गेलं नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

श्रेयानं पुण्याहून पार्सल पाठवलं. खरं नारळाचं पीठ पांढरं, कोरडं असतं. दूध काढून घेतल्यावर राहिलेला चोथा वाळवून दळतात म्हणे. म्हणजे उसाचं चिपाडच की! मला एकदम ओळखीचं वाटलं.

गव्हाच्या मापानं तूप घातलं. पिठानं ते गिळलं आणि ढेकरही दिला नाही. आणखी घातलं. तेही गिळलं. शेवटी नानकटाई झाल्या त्या वाळूच्या. उचलली की पसरली.

जयवंता जवळ पाटावर बसली होती. मी विचारलं, "भट्टीवाला तूप किती घालायचा गं?"

ती म्हणाली, "आमच्या डोळ्यापुढं घालायचा. नजर काढली की डालडा कमी पडायचा. म्हून आमी पाळी लावायचो. एकीनं परातीपशी बसायचं, बाकीच्यांनी पल्याड लिंबाखाली. द्वारकाबाई परातीपशी बसली की भट्टीवाला टरकायचा. ती त्याला म्हणायची, भाऊ, हात जरा सढळ, तुझी बायको बघत न्हाय हितं."

आणि हसली. तोंडावर पदर घेऊन हसली. मी विचारलं तुपाचं माप, ती सांगती लिंबाखालची गोष्ट. मूळ मुद्दा राहिला बाजूला. पण बोलता बोलता तिनं भाकरीचा तुकडा मोडून वाळूत बुडवून खाल्ला. म्हणजे चव बरी असणार, नुसती बांधणी बिघडली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी चहा, मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या, दुपारी एक पूर्ण भाकरी! आमटी! भेंडी!

दुपारी द्वारकाबाईचा फोन आला होता, सण म्हणून. चाळीत शेजारी होती. तिचा नवरा रिटायर झाल्यावर गावी लासुर्ण्याला गेली. दोघी इतक्या बोलल्या की माझा फोन तापला. जयवंता फोन कानाला धरूनच जेवली. मी वाढत गेलो, ती खात गेली, बघितलंसुद्धा नाही काय खाती ते.

सकाळी मी भाकरीच्या पिठात थोडं नारळाचं पीठ मिसळलं होतं. त्याचा हा गुण. श्रेयाला कळवलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा दोन घास. भाकरीत नारळाचं पीठ घालूनही. असं कसं?

८ ऑक्टोबर, बुधवार

बारामतीला दाखवायला नेली. वजन आणखी उतरलंय. डॉक्टरीणबाईंनी ही डायरी उलटून बघितली, दसऱ्याच्या पानावर थांबल्या आणि विचारलं, "या दिवशी काय झालं होतं?" मी म्हटलं, नारळाचं पीठ. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या पानाचा कोपरा दुमडला. मग म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू. खाणं वाढलं नाही तर दाखल करावं लागेल, नळीतनं द्यावं लागेल.

येताना एसटीत जयवंता म्हणाली, "मला तितं ठिवू नका."

मी म्हटलं, "मग खा की."

"पोट म्हणतं नको, तर मी काय करू?"

तिचा हात हातात घेतला. एसटीत, भर दिवसा. माळेगावची दोन माणसं मागं होती. बघू देत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

श्रेया म्हणते पीठ धरून राहायला अंडं घाला. दिवाळीच्या फराळात अंडं! जयवंता आयुष्यात अंड्याच्या वाटेला गेली नाही. मी म्हटलं दुसरं सांग. मग सुचलं, जवस. जवसाची पूड भिजवली की कशी चिकट होते. घातली. धरलं! आणि गरम असताना हात लावायचा नाही, हेही कळलं. निवू द्यायचं, मग ते आपोआप घट्ट होतं. कारखान्यातही घाई करणाऱ्याचा माल बिघडायचा.

गोडीला त्या पोरीनं एक पांढरी पूड पाठवलीय, साखर नव्हे पण साखरेसारखी. काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडाला धरली. दाणा चांगला आहे, एकसारखा. मान्य केलं. जिभेवर गारगार लागते, जशी पेपरमिंट. वेलदोडा आणि जायफळ घातलं की गारपणा कळत नाही.

मी एवढं सगळं करताना जयवंता सांगत होती, भट्टीवर दुपारी सगळ्या आपापली भाजीभाकरी सोडायच्या. चाळीतल्या रंगूबाईचं वांगं, हिचा ठेचा. हिच्या सासूच्या, म्हणजे आमच्या आईच्या, पुढ्यात हिनं कधी हसून घास घेतला नाही, म्हणे. "तितं कुणाला वाढायचं नव्हतं. आपलं आपण खायचं. वर्साचा तेवढाच एक दिस." मी म्हटलं, अगं जायफळ अर्धं घालू का पाऊण? तर ती म्हणाली, "घाला तुमच्या मनानं."

११ ऑक्टोबर, शनिवार

झाली! अशी झाली की काय सांगू! वरून तडा गेलेला, कड बदामी, खाली करपलेली नाही. वास घरभर. हुबेहूब भट्टीची. मी एक मोडून तोंडात टाकली आणि थेट चाळीतल्या दिवाळीत गेलो. पहाटेचा भोंगा, अभ्यंगाचं पाणी, मळीचा वास, आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण निघताना होणारा आवाज. आई होती तेव्हा. रोहिणी एवढीशी होती.

ताटलीत चार मांडल्या आणि जयवंतापुढं ठेवल्या. तिनं एक उचलली. वास घेतला. कोपरा मोडून खाल्ला. म्हणाली, "झाली की वो. अगदी तशी झाली." आणि उरलेली ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडं सारली.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. "तीन आठवडे झालं मी पिठात बरबटून घेतोय! मग तुला पाहिजे तरी काय?"

ती मोठ्यानं बोलत नाही. हळूच म्हणाली, "मी कुठं मागितली? मी आपलं भट्टीचं म्हणलं. समद्याजणींचं म्हणलं. तुमीच नानकटाईच्या मागं लागला."

मी बाहेर जाऊन कालव्याच्या कडेला बसलो. एकटी खाणारी बाई आणि एकटा खाऊ घालणारा मी. घरात दुसरा आवाज नाही. ती कुणाबरोबर जेवणार, माझ्याबरोबर? माझ्याबरोबर ती कधी जेवलीच नाही. आधी मला वाढायची, मग आईला, मग पोरांना, मग आपण चुलीपुढं. मला हे आज कालव्यावर बसून कळलं. बरं वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

बारामतीला गेलो. भट्टी आहे अजून. बाप गेला, पोरगा चालवतो. म्हणाला, "काका, आता कोण पीठ घेऊन येतंय? सगळ्या पाकिटं नेतात. पण आणा तुमचा माल, भाजून देतो." मी खूश झालो. मग आत नजर टाकली. छताला मैदा, भिंतीला मैदा, त्याच्या भुवयांना मैदा. जयवंताला इथं बसवणं म्हणजे विषात बसवणं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग भट्टी घरीच करा की." चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. दारातलं लिंबाचं झाड मात्र तोडलंय. रस्ता रुंद केला त्यात गेलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लासुर्ण्याला गेलो. द्वारकाबाई गोठ्यात होती. मला एकट्याला बघून तिच्या हातातली पाटीच पडली.

"भावजी! जयवंता...?"

"हाय, हाय. घरी हाय." आणि मग सगळं सांगितलं. जेवत नाही, दाखल करायचं म्हणतात, आता भट्टी घरीच लावायचीय, ते सगळं. सांगताना माझा आवाज गेला. बाईमाणसापुढं असं होऊ नये, पण झालं.

ती म्हणाली, "आन हे आमास्नी आता सांगताय व्हय? फोनवर ती मला म्हणली, मजेत हाय." पदरानं डोळे पुसले आणि लगेच नेहमीच्या पट्टीत आली. "कवा यायचं ते बोला."

तिथनं निरवांगीला रंगूबाईकडं. तिचे गुडघे गेलेत, चार पावलं चालवत नाही. सुनेनं सांगितलं, "आत्यांना गाडीत बसाय न्हाय जमत." रंगूबाई आतनं ओरडली, "कोण म्हणतं न्हाय जमत? उचलून टाका मला गाडीत!"

दोघींना एकच अट घातली. पीठ माझं, गोडीची पूड माझी. घरनं गव्हाचा कणही आणायचा नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळीच वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी, जीप दारात. द्वारकाबाई उतरली, दोघांनी धरून रंगूबाई उतरवली, आणि मागनं भागूबाई, चाळीत कोपऱ्यावर राहायची ती, हिला मी सांगितलंही नव्हतं. प्रत्येकीच्या हातात पत्र्याचा डबा. मी दारातच अडवलं. डबे उघडून बघितले. भागूबाईच्या डब्यात चपात्या! परत जीपमध्ये ठेवायला लावल्या, हात धुवायला लावले. ती म्हणाली, "कारखान्याच्या गेटवरबी अशी झडती घेत न्हवते!"

जयवंता आत केस विंचरत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. हातातली फणी तशीच. द्वारकाबाई म्हणाली, "बघत काय बसलीस? नंबर लाव. माझा पयला."

"तुझा कसा पयला? घर माझं हाय," जयवंता म्हणाली. आणि तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, मग रंगूबाई खुर्चीतनं ओरडली, "मला कोण भेटणार? मला उठता येत न्हाय!" तर तिच्याजवळ जाऊन पुन्हा रडल्या.

मी पीठ मोजलं, जवसाची पूड भिजवली, आणि सांगायला लागलो की बायांनो, हे पीठ तूप पितं, गव्हासारखं नाही, तर जयवंतानं माझ्या हातनं परात ओढून घेतली. "तुमी जावा भाईर. हितं तुमचं काय काम?"

माझा ओव्हन, माझा शोध, आणि मलाच बाहेर काढलं. ओट्यावर बसून राहिलो. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावतो, त्यामुळं एकीची भाजून होईपर्यंत बाकीच्या बसून. आतनं नुसता कालवा. कुणाचा डबा आधी, कुणाचं तूप जास्त, कुणाच्या सुनेनं काय केलं. गेलेल्या नवऱ्यांची नावं निघाली, सासवांची नक्कल झाली. आमच्या आईचीही झाली, आवाज जयवंताचा होता. इतकी हुबेहूब की मी ओट्यावर सरळ होऊन बसलो. दुपारी ठेचा, वांगं, बाजरीची भाकरी. मला दारातनं ताट दिलं आणि दार लोटून घेतलं. एक ट्रे करपला त्याचा वास आला. मी "अगं बघा, बघा" म्हणालो तर चौघी हसल्या.

उन्हं उतरल्यावर जीप आली. डबे भरून गेल्या. जाताना द्वारकाबाई म्हणाली, "भावजी, पुढल्या वर्सी मोठी भट्टी आणा." जयवंता जीप वळेपर्यंत रस्त्यात उभी होती. मग आत आली. मी डायरी उघडली आणि विचारलं, दुपारी काय खाल्लंस?

"काय की. ध्यानात न्हाय."

"नानकटाई खाल्ली का?"

"खाल्ली असंल. द्वारकीनं करपवली त्यातली."

पसारा तसाच टाकून ती पाटावर बसली. दमली होती. चेहरा नुसता लालबुंद. मी म्हटलं, पडतीस का जरा? तर म्हणाली, "आवो, भूक लागलीया."

मला ऐकून सुधरेना. ऑगस्टपासून हा शब्द या घरात नव्हता. पातेलं बघितलं, बायांनी सगळं चाटूनपुसून संपवलेलं. मी पिठलं टाकलं, हरभऱ्याच्या पिठाचं. भाकरी थापली, ती फाटली, तशीच भाजली. रडत होतो, ते तिनं बघितलं. एका ताटात दोघांचं वाढलं आणि समोर बसलो. आधी तिला. ती जेवली. मान खाली घालून, घासामागं घास, भुकेल्या माणसासारखी जेवली. मीठ कमी पडलंय म्हणाली. मग माझ्या बाजूची भाकरी मोडून घेतली, आणि ताट रिकामं झाल्यावर वर बघून विचारलं, "आजून हाय का?"

होतं. वाढलं.